अष्टमीचे पाहुणे

माझे यजमान गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी जमिनीचा एजंट भेटायला आला. दारात चपला काढून त्याने आमच्या वस्तीत आम्ही एकमेकांना घालतो तो नमस्कार मोठ्याने घातला. तो आमच्यातला नाही. आजारपणात यजमानांना दवाखान्यात न्यायला यायचा तेव्हाही गाडीतून मला नुसता हात हलवायचा. हा माणूस तयारी करून आलाय, असं तेव्हाच माझ्या मनात आलं.

त्या दिवसांत मला सगळ्यांबद्दलच तसं वाटत होतं. कोण किती वेळ बसतं, बोलताना कुणाची नजर कपाटाकडे जाते, याची मी मनात नोंद ठेवत असे. नणंदेने साखरेचा डबा कुठे आहे विचारलं तरी वाटे, हिला नक्की काय शोधायचंय? मी हायस्कूलच्या ग्रंथालयात नोकरी केली. परत आलेलं पुस्तक पानं तपासल्याशिवाय कपाटात ठेवायचं नाही, ही माझी सवय. भेटायला येणारी माणसंही मी तशीच तपासत होते.

यजमान सरकारी मोजणीदार होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी गावोगावी त्यांना साहेबच म्हणत. दोन भावांचं बांधावरून वाजलं, की कुणीतरी म्हणायचं, "साहेबांनी मोजलंय ते," आणि आवाज खाली यायचे. त्यांच्या आजोबांना लोक आपल्या बांधावर उभं राहू देत नसत. नातू येऊन बांध कुठे घालायचा ते सांगायचा, आणि लोक ऐकायचे. यजमानांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. पण मोजणीला जाताना ते इस्त्रीचा शर्ट घालत, चिखलात उतरायचं असलं तरी.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या स्मरणविधीच्या दिवशी एजंटने उठून चार शब्द सांगितले आणि साहेबांच्या स्मरणार्थ विहाराला पुस्तकांचं कपाट जाहीर केलं. आठवड्यात कपाट आलंही. मी ते आतून-बाहेरून, मागची फळीसुद्धा ठोकून पाहिलं. चांगलं सागाचं होतं. त्यामुळे माझी शंका आणखी वाढली.

पंधरा दिवसांनी तो कामाचं बोलायला आला. रेवसच्या बाजूला खाडीकाठी एक जुनी खार जमीन त्याने आणि आणखी दोघांनी मिळून घेतली होती. खार म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेली भातजमीन. तिचे प्लॉट पाडून विकायचे होते. मांडव्याची जेट्टी जवळ, पूल होणार, बिगरशेतीचा कागद येतोच आहे. कागद येतोच आहे, हे मी गावात तीन वर्षं ऐकत होते.

"बाई, तुम्ही भागीदार व्हा," तो म्हणाला.

"माझ्याकडे लावायला पैसे नाहीत."

"पैसे कोण मागतंय? तुमचं नाव पायजे. साहेबांचं नाव." मग तो मोकळेपणाने हसला. "तुम्हाला धंद्यातली गोष्ट सांगतो. गिऱ्हाइकाला समुद्र दाखवायचा, पैसे लावणाऱ्याला कागद दाखवायचा, आणि भागीदाराला मान द्यायचा. तिघं आले की व्यवहार उभा राहतो."

"म्हणजे मला तुम्ही मान देताय."

"देतोय ना! लपवतोय का?"

मी नाही म्हटलं. तो मुळीच नाराज झाला नाही. "बरं, भागीदारी राहू द्या. पाहुणे आले तर घोटभर चहा तरी द्याल? साहेबांच्या घरी चहा झाला म्हणजे झालं." चहाला नाही कसं म्हणायचं, ते मला सुचलं नाही.

पहिले पाहुणे डोंबिवलीचं एक जोडपं होतं. नवरा औषधांच्या कारखान्यातून नुकताच निवृत्त झालेला, बायको घरी शिकवण्या घेणारी. ती मंडळी आधी जमीन पाहून मग माझ्याकडे आली. एजंट ओळख करून देत म्हणाला, "ही जमीन साहेबांनी स्वतः मोजलेली. ह्या त्यांच्या मिसेस, हायस्कूलच्या ग्रंथपाल." जमीन यजमानांनी मोजली होती, हे खरं होतं. पुष्कळ वर्षांपूर्वी, ती खार होती तेव्हा. त्या बाईने भिंतीवरच्या पुस्तकांकडे पाहिलं, मग यजमानांच्या फोटोकडे, मग माझ्या पांढऱ्या साडीकडे. आल्यापासून तिने पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. ती तिने बाजूला ठेवली.

ती पर्स खाली ठेवलेली मी पाहिली, आणि तिचा अर्थही मला कळला. समुद्र आणि कागद यांच्यानंतर दाखवायची वस्तू मी होते. कळूनही मी बिस्किटांचा नवा पुडा फोडला.

याचं कारण शरमेचं आहे, पण सांगते. एजंट यजमानांबद्दल वर्तमानकाळात बोलायचा. "साहेब असं मानतात," "साहेबांचा हिशेब कधी चुकत नाही." घरातल्या बाकी सगळ्यांनी त्यांना आठवडाभरात भूतकाळात टाकलं होतं. माझी मुलगीसुद्धा फोनवर "बाबांना आवडायचं" म्हणायला लागली होती. चहाच्या त्या अर्ध्या तासात ते जणू मोजणीला गेलेले असत आणि थोड्या वेळाने चिखलाचे पाय घेऊन मागच्या दाराने येणार असत. मला एजंटचा संशय होता आणि मी त्याच्या पाहुण्यांची वाट पाहायची. दोन्ही एकाच वेळी.

महिन्यातून दोनदा पाहुणे यायचे. आदल्या दिवशी फोन यायचा, आणि दूध जास्त घ्यायचं लक्षात राहावं म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरात 'पाहुणे' असं लिहून ठेवायचे. माघात मुंबईचा एक पैसेवाला माणूस दोन वर्षांसाठी मोठी रक्कम लावायला तयार झाला. त्याला रविवारीच सवड होती. माझ्या ओटीवर बसून एजंट त्याच्याशी फोनवर बोलत होता.

"रविवारी नको शेठ, रविवारी पौर्णिमा. आपण पुढच्या सोमवारी अष्टमीला करू. मी शुभ काम अष्टमीशिवाय करत नाही. देवीची तिथी ती."

फोन ठेवून तो मला म्हणाला, "खूश झाला. म्हणतो, आजकाल असं पाळणारी माणसं कुठे मिळतात?"

आमच्या दोन्ही घरच्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या कुणाचा मुहूर्त असला की मी सभ्यपणे दुसरीकडे बघते. वाद घालत नाही, विचारत नाही. तसंच त्या वेळीही दुसरीकडे पाहिलं. ज्या बाईने कपाटाची मागची फळी ठोकून पाहिली, तिने अष्टमी तेवढी तपासली नाही. परक्याची श्रद्धा म्हणून ती तशीच सोडून दिली.

ती शेजारच्या म्हाताऱ्या भातशेतकऱ्याने तपासली. त्याची जमीन आमच्या घरामागे आहे. उन्हाळी वाल पाखडायला मी मागे बसले होते, तेव्हा तो कुंपणाशी आला.

"वयनी, उद्या पाव्हनं हायेत ना तुमच्याकडं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"उद्या अष्टमी न्हाय का! तो भांगालाच आनतो गिऱ्हाईक."

"देवीचं काहीतरी पाळतो म्हणे."

म्हातारा इतका हसला, की त्याला कुंपण धरावं लागलं. "देवी कसली वयनी? चांदोबा पावतो त्याला! उधानाला आनून दाखव म्हनावं एकदा. गिऱ्हाईक होडीतनं न्यावं लागंल."

माझं माहेर चौलचं. तिथे नारळी-पोफळीच्या सावलीत भरती-ओहोटी कानावर यायची, अंगावर नाही. पण खारीच्या या गावात नांदायला आले तेव्हा यजमानांनी मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरती किती वाजता ते कळतं. अष्टमीला सहा. म्हणजे भर दुपारी ओहोटी, आणि भरतीही भांगाची, पंधरवड्यातली सगळ्यात लहान. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरचे दोन-तीन दिवस उधाण, भरती दुपारची. एवढं मला तोंडपाठ होतं. आणि तो माणूस दर अष्टमीला बाराच्या सुमारास मुंबईची माणसं त्या जमिनीवर उभी करत होता, तेव्हा मी चहात आलं किसत होते.

त्या जमिनीच्या बांधाची उघाडी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार, कधीच कुजून गेली होती, तेही म्हाताऱ्याने सांगितलं. रस्त्याकडच्या चार प्लॉटवर मुरमाचा भराव होता. मागचे सगळे उधाणाला पाण्याखाली.

मी घरात आले आणि यजमानांची शेवटच्या वर्षाची डायरी काढली. तोपर्यंत ती उघडायचं धाडस झालं नव्हतं. खारीच्या मोजणीचं काही मिळेल असं वाटलं होतं. शेवटच्या लिहिलेल्या पानावर पेन्सिलीने एक यादी होती. अक्षर थरथरलेलं, पण त्यांचंच. कार्तिकापासून चैत्रापर्यंतच्या अष्टम्या, शुद्ध आणि वद्य दोन्ही. इंग्रजी तारीख, वार, आणि पुढे ओहोटीची वेळ.

मी यादी घेऊन कॅलेंडरसमोर उभी राहिले. माझ्या हातचा प्रत्येक 'पाहुणे' त्यांच्या यादीतल्या तारखेवर होता. आणि त्या सगळ्या तारखा ते गेल्यानंतरच्या.

संशयाची मला सवय झाली होती, पण तो घराबाहेरून येणाऱ्यांचा होता. हा आत बसलेल्या माणसाचा होता, आणि त्याला विचारायची सोय नव्हती. मला आठवायला लागलं. आजारपणात एजंट त्यांना गाडीतून पनवेलला दवाखान्यात न्यायचा. पाच-सहा वेळा तरी नेलं असेल. पेट्रोलचे पैसे देऊ केले तर हात जोडायचा. मी म्हणायचे, भला माणूस आहे.  यजमान खिडकीबाहेर बघत राहायचे. आजारी माणूस बघतो तसे, की दुसऱ्या काही कारणाने, हे आता कसं ठरवायचं?

पुढच्या वेळी एजंट आला तेव्हा मी डायरी त्याच्यासमोर ठेवली. त्याने ओळखली.

"हां, साहेबांनीच दिली ती यादी. मी म्हटलं, साहेब, पुढच्या सहा महिन्यांच्या भांगाच्या वेळा काढून द्या. पडल्या पडल्या काढून दिल्या."

"कशाला हव्यात ते विचारलं नाही?"

"नाही विचारलं."

"त्यांना माहीत होतं?"

"बाई, साहेबांना या किनाऱ्यावरचं काय माहीत नव्हतं?" मग त्याने आवाज मऊ केला. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटली. "मी कुठे बोलतोय का? मी कधीच बोलणार नाही. पण तुम्ही काही बोललात, तर लोक यादी कुणी केली ते विचारणारच. साहेबांचं नाव मोठं आहे. ते तसंच ठेवणं तुमच्या हातात."

जाताना त्याने सवयीने फोटोला नमस्कार केला.

मी गप्प राहिले. तीन आठवडे. एकदा पाहुणे आले तेव्हा तब्येतीचं कारण सांगून दार लावून घेतलं, आणि याला मी मनाशी नकार म्हटलं. बोलायचं म्हणजे त्यांचं नाव द्यायचं. तीस वर्षं लोकांनी ज्या नावावर भांडणं थांबवली, ते मी माझ्या हाताने डागाळायचं. दुपारी मी वाचायला घेई. एकच पान दोनदा वाचून होई आणि कळत नसे.

पाडव्याच्या चार दिवस आधी डोंबिवलीच्या बाईंचा फोन आला. "बाई, पाडव्याला टोकन देतोय आम्ही. चौदा नंबरचा प्लॉट. ह्यांच्या फंडातले सगळेच जाताहेत, म्हणून जरा धाकधूक होती. पण ह्यांना म्हटलं, त्या बाई आहेत ना तिथे, आपल्याला कोण फसवणार?"

चौदा नंबर मागच्या रांगेत होता.

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात पाडव्याच्या पुढची तिथी पाहिली.

"पाडव्याला टोकन देऊ नका," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी या. बीजेला. दुपारी एकपर्यंत पोचा. एजंटला सांगू नका."

"बीजेला काय असतं हो?"

"पाणी."

ती आली, नवरा बरोबर. मांडव्याला उतरून रिक्षाने आली. मी त्यांना बांधावर घेऊन गेले. पाणी तेव्हाच आत यायला लागलं होतं. लाट नाही, आवाज नाही. कुजलेल्या दाराच्या जागेतून ते संथ आत येतं आणि पसरत जातं, सपाट ताटात वरण ओतल्यासारखं. प्लॉटच्या कोपऱ्यांवर चुना लावलेले, नंबर घातलेले दगड होते. अठरा, सतरा बुडाले. चौदाचा काही वेळ डोकं वर काढून होता. मग दिसेनासा झाला. नवऱ्याने तेवढ्यात तीनदा चष्मा पुसला.

"हे ह्याच महिन्यात होतं का?"

"महिन्यातून दोनदा. प्रत्येक वेळी चार-पाच दिवस."

"आम्ही आलो तेव्हा तर फुटबॉल खेळावं अशी कोरडी होती."

"तुम्हाला अष्टमीला आणलं होतं." मी त्यांना तिथीचं गणित सांगितलं. त्याने ते लगेच मनात करून पाहिलं, बोटं हलली. मग तो मला अपेक्षित होतं तेच बोलला.

"तुमच्या साहेबांना हे माहीत असणार."

मी घरून निघताना तीन उत्तरं तयार केली होती. ते आजारी होते. त्यांनी नुसतं गणित केलं. त्यांना कारण सांगितलं नव्हतं. तिन्ही कदाचित खरी असतील. पण त्यातलं एकही उत्तर मला माहीत नव्हतं. माहीत होतं ते एवढंच.

"हो. दिवस त्यांनीच काढून दिले होते. यादी त्यांच्या हातची आहे."

बाई इतका वेळ चपला हातात घेऊन पाण्याकडे बघत होती. ती वळली. "आणि तुम्ही आम्हाला चहा पाजलात."

परत जाताना त्यांनी माझ्या घरी पाणी प्यायलं नाही. मीही आग्रह केला नाही.

त्यांचे पैसे वाचले. मुंबईच्या पैसेवाल्याने लावले की नाही, मला कळलं नाही. त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि मी तो फार शोधलाही नाही, हेही लिहून ठेवते. एजंट पुन्हा आला नाही. मऊ आवाजातली धमकी मात्र त्याने खरी केली: मी बोलल्यावर तोही बोलला. यादीची गोष्ट महिनाभरात रेवसपासून चौलपर्यंत गेली. जाताना ती वाढलीही. काही गावांत यजमानांना बदल्यात मिळालेला एक प्लॉट निघाला, काही गावांत दोन.

वैशाखात घरामागच्या म्हाताऱ्याने फेरमोजणीचा अर्ज केला. त्याची आणि पुतण्याची हद्द यजमानांनीच ठरवून दिलेली होती. मला सांगायला तो स्वतः आला.

"वयनी, माजा साहेबावर इश्वास हाय. पन पुतन्या ऐकत न्हाय."

"अर्ज कुणी केला?"

तो कुंपणाची काठी नीट करायला लागला. "मीच केला."

मोजणीला यंत्र घेऊन दोन नवीन माणसं आली. मी मागच्या दारात उभी होते, आणि मी उभी आहे म्हणून कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. हद्दीचा दगड जागेवर निघाला. एक वीतभरसुद्धा इकडे-तिकडे नाही. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. मला आनंद व्हायला हवा होता. मी विचार करत होते, की ही एकच हद्द झाली. त्यांनी आयुष्यात किती मोजल्या असतील?

आणखी एक अर्ज आला आहे, पलीकडच्या गावातून. पण आता शेतात भात उभं आहे, त्यामुळे ती मोजणी कापणीनंतर होईल असं सांगतात. त्या हद्दीशी माझा काही संबंध नाही, मला नोटीस यायचं कारण नाही. तरी मी जाणार आहे. दगड जागेवर नसला, तर तो तिथे नाही हे यजमानांच्या घरच्या कुणीतरी आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असावं.